पुन्हा केलेलं काम

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या गुरुवारी निरूपण झाल्यावर आमच्या बेळगावच्या ग्रुपवर एका ताईंनी प्रश्न टाकला होता. घरात नवऱ्याने, सुनेने, मुलाने एखादं काम केलं आणि ते आपल्या मनासारखं झालं नाही, तर काय करावं? आपण ते नीट करून घ्यावं, की गप्प बसावं? नीट केलं तर त्यांना राग येतो, आणि गप्प बसलं तर आपल्याला झोप येत नाही. खाली पुष्कळ जणींनी हसण्याची चित्रं टाकली. मला काही हसू आलं नाही. याच गोष्टीवरून आमच्या घरात दोन महिने अबोला झाला होता.

प्रश्न लहान वाटतो, पण आहे मोठा. खरं बोलणं हा धर्म आहे. आपल्या माणसाचं मन राखणं हाही धर्मच आहे. दोन्ही एकमेकांसमोर आले की कोणता धरायचा? मला जे कळलं ते मी माझ्या चुकीतून कळलं म्हणून सांगते. मोठेपणा करून सांगत नाही.

*दर महिन्याला एक काम*

आमचं घर सासऱ्यांच्या वेळचं. शहापूर भागात अशी घरं अजून थोडी आहेत. दगड-मातीच्या रुंद भिंती, पुढे सोपा, वर मंगळुरी कौलं, मागे नंतर बांधलेलं स्लॅबचं न्हाणीघर. आमचे हे उद्यमबागेत एका कारखान्यात लेथवर होते. 33 वर्षं नोकरी करून ते रिटायर झाले. पहिले दोन महिने सकाळी सातला उठून तयार व्हायचे आणि सोप्यात खुर्चीवर जाऊन बसायचे. कुठे जायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणायचा, "बाबा, ते घर आता पडायला आलंय. विकून टाका आणि फ्लॅट घ्या." हे काही उत्तर द्यायचे नाहीत. मीही बोलायचे नाही. पण घर विकलं तर हे माणूस म्हणून उरतील का, अशी मला भीती वाटायची.

पाडव्याच्या आदल्या रात्री जेवताना मी म्हणाले, "अहो, दर महिन्याला घरातलं एक काम काढू. दोघांनी करायचं. होईल तेवढं आपल्या हातानं. महिन्याला दीड हजाराच्या वर खर्च नाही."

ते म्हणाले, "आधी सोप्याची भिंत घेऊया की." कितीतरी दिवसांनी ते स्वतःहून काहीतरी बोलले होते.

काही जणांना वाटेल, इतकी वर्षं नामस्मरण करून शेवटी घराच्या भिंतीतच जीव अडकवायचा काय? मलाही तसं वाटलं होतं. पण घर नेटकं ठेवणं वेगळं आणि घरात अडकणं वेगळं. गळकं घर सोडून जपाला बसलं तरी लक्ष माळेवर राहत नाही, थेंब कुठे पडतोय तिकडेच जातं. समर्थांनी दासबोधाच्या 20 दशकांमध्ये परमार्थ सांगितला, पण प्रपंच गबाळा ठेवायला कुठे सांगितलं नाही. तेव्हा भिंत रंगवण्यात दोष नव्हता. दोष मी कुठे आणला ते आता सांगते.

*चुन्याची भिंत*

मातीच्या जुन्या भिंतीला चुनाच बरा, कारण त्यातून भिंतीतला ओलावा बाहेर जाऊ शकतो. वरून प्लास्टिकसारखा रंग दिला की ओल आत कोंडते आणि रंग फुगून सुटतो. ह्यांनी एका म्हाताऱ्या गवंड्याला विचारून सगळी माहिती आणली. कळीचा चुना आणला, तो पिंपात पाण्यात सोडला. चुना फुटताना पाणी उकळतं, म्हणून मला लांब उभं केलं आणि स्वतः डोळ्यांवर कारखान्यातला जुना चष्मा चढवला. दोन दिवस चुना मुरू दिला, गाळला, नावाला नीळ घातली. मग भिंत खरवडून घेतली, पाणी मारून ओली केली, आणि ताकासारखा पातळ चुन्याचा पहिला हात दिला. मी खालून बादली देत होते. तो रविवार इतका छान गेला की दुपारचा चहा आम्ही तिथेच पायरीवर बसून घेतला.

संध्याकाळी हे आंघोळ करून जेवले आणि झोपले. हात दुखत होते. मी झाकपाक करून सोप्यात आले, दिवा लावला, आणि भिंत बघून माझा जीव खाली बसला. जुने डाग तसेच दिसत होते. कुठे पांढरं, कुठे करडं, कुठे काहीच नाही. मला वाटलं, ह्यांना जमलं नाही. चार दिवसांनी हळदीकुंकवाला बायका येणार होत्या. रात्री अकरा वाजता मी पदर खोचला, पिंपाच्या तळाचा घट्ट साका घेतला, आणि अख्ख्या भिंतीवर एक जाड हात मारला. ह्यांना उठवलं नाही. मनात म्हटलं, सकाळी बघतील तर भिंत पांढरीफेक. त्यांना काम छान झालंसं वाटेल, माझ्या जिवालाही स्वस्थता. यात कुणाचं काय वाईट झालं?

सकाळी भिंत खरंच पांढरीफेक होती. चहा देताना ह्यांनी माझी बोटं बघितली. चुन्याने फुटली होती. ओला कुंचा नळाजवळ होता. ते काही बोलले नाहीत. हळदीकुंकवाला शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय सुंदर झालीय गं भिंत! कुणी केली?" मी म्हटलं, "ह्यांनीच." ते आत पेपर वाचत होते. त्यांनी ऐकलं, मान वर केली नाही.

पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी कौलांचं काम ठरलं होतं. मृगाच्या आत कौलं चाळून घ्यायची, फुटकी बदलायची, हे आमच्याकडे घरोघरी ठरलेलंच. मंगळुरात बासेल मिशनने कौलांचा पहिला कारखाना 1865 मध्ये काढला आणि तेव्हापासून ही कौलं आपल्या सगळ्या पश्चिम किनाऱ्यावर आणि घाटावर पसरली. एकमेकांत खाचेने अडकतात ती, म्हणून एक सरकलं की शेजारचंही सैल होतं. काम दोघांचंच असतं, एकाने वर काढायचं आणि एकाने खाली घ्यायचं. मी शिडी काढून ठेवली. हे उठले नाहीत. म्हणाले, "माणूस सांगितलाय. तो करील." आणि खुर्चीवर जाऊन बसले.

मला कळलं नाही असं नाही. कळलं होतं. पण मी स्वतःला समजावत राहिले की त्यांना दम लागत असेल, वय झालं.

*पापुद्रे*

पाऊस सुरू झाला आणि पंधरा दिवसांत सोप्याच्या भिंतीचे पापुद्रे सुटायला लागले. हात लावला की पापडासारखा तुकडा खाली. मी झाडून झाडून थकले. शेवटी त्याच म्हाताऱ्या गवंड्याला बोलावलं. त्याने नखाने एक पापुद्रा काढला आणि विचारलं, "हा जाड हात कुणी दिला?"

मग त्याने सांगितलं. चुना ओला असताना पारदर्शक असतो. खालचं सगळं दिसतं. तो वाळेल तसा पांढरा होत जातो. म्हणून पहिल्या हाताला रात्री बघायचंच नसतं. दुसऱ्या दिवशी दुसरा पातळ हात, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिसरा. चुना हवेतून हळूहळू घट्ट होतो आणि भिंतीला धरतो. जाड थापला की वरून वाळतो, चिरतो आणि सुटतो. ह्यांना हे सगळं ठाऊक होतं. आणखी दोन हात ते देणारच होते. मी विचारलं नव्हतं.

त्या रात्री मी ह्यांच्यासमोर बसून सगळं सांगितलं. रात्री उठून केलं, साका वापरला, बायकांना खोटं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग बोलला का नाही?"

"तू बोलली नाहीस म्हणून."

थोड्या वेळाने परत म्हणाले, "कारखान्यात माझा जॉब रिजेक्ट व्हायचा की. सुरुवातीला तर दिवसाला दोन-तीन व्हायचे. पण इन्स्पेक्टर तो टेबलावर ठेवायचा, मला बोलवायचा, माप लावून दाखवायचा, इथे इतका गेला म्हणून. मी परत करायचो. माझ्या मागे कुणी दुसरा करून माझ्या नावावर ठेवला नाही. तसं झालं असतं तर मी दुसऱ्या दिवशी कामावर गेलो नसतो."

गुरुबंधूंनो, तीस-पस्तीस वर्षं मी पोथ्या वाचते. अहंकारावर शेकडो निरूपणं ऐकली. अहंकार म्हणजे मोठमोठ्याने बोलणं, मिरवणं, असंच मला वाटायचं. रात्री अकरा वाजता, कुणाला न उठवता, स्वतःची बोटं फोडून घेत केलेल्या कामातसुद्धा तो असू शकतो, हे मला त्या दिवशी दिसलं. मी त्याला प्रेम समजत होते. मी त्यांचं ओझं हलकं करतेय, असं समजत होते. खरं म्हणजे मी त्यांना न बोलता सांगितलं होतं की तुमच्यावाचून चालतं. दोन महिने खुर्चीवर बसून जो माणूस हेच स्वतःशी म्हणत होता, त्याला मी ते भिंतीवर लिहून दाखवलं.

*मग चूक दिसली तरी गप्प बसायचं का?*

नाही. हे नीट समजून घ्या, कारण इथे उलट्या बाजूनेही पाय घसरतो.

दिवाळीनंतर थंडी पडली. न्हाणीघरातला मोठा सॉकेट बिघडला होता. ह्यांनी गीझरची मोठी पिन काढून लहान पिन लावली आणि वायर ओढून खोलीतल्या साध्या बोर्डावर जोडली. आता आमच्यात सगळं सुरळीत झालेलं, रविवारची कामं परत सुरू झालेली. माझ्या मनात आलं, परत कशाला दुखवायचं? पण तिसऱ्या दिवशी बोर्डाजवळ जळका वास आला. 2,000 वॅटचा गीझर साधारण 9 अँपिअर वीज ओढतो. लहान सॉकेट 6 अँपिअरचा असतो, गीझरला 16 अँपिअरचा लागतो आणि वायरही जाड लागते. हे मी मुलाला फोन करून विचारलं होतं.

दोन वाटा होत्या. ह्यांना न सांगता वायरमनला बोलावून बदलून घ्यायचं, म्हणजे परत तीच रात्र. किंवा गप्प बसायचं, म्हणजे मन राखायचं आणि घर जाळायचं. मी दोन्ही केलं नाही. मी गीझर बंद केला आणि ह्यांच्यासमोर जाऊन म्हटलं, "हे असं चालणार नाही. वास येतोय. तुम्हीच बघा."

ते चिडले. "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हणाले. दुपारी जेवले नाहीत. मीही मागे सरले नाही आणि त्यांच्या मागे लागलेही नाही. संध्याकाळी त्यांनी स्वतः बोर्ड उघडला. नंतर वायरमनला त्यांनीच फोन केला. रात्री जेवायला बसताना त्यांनी ती लहान पिन टेबलावर माझ्यासमोर ठेवली. एका बाजूने तपकिरी झाली होती. "रिजेक्ट," म्हणाले. दोघंही हसलो.

म्हणजे भिंतीच्या वेळी मी बोलायला हवं होतं आणि थांबायला हवं होतं. गीझरच्या वेळी बोलायलाच हवं होतं, आणि थांबून चालणार नव्हतं. दोन्ही वेळी एक गोष्ट मात्र सारखीच: *त्यांच्या मागे करायचं नव्हतं.*

*लक्कम्माने काय केलं*

आमच्या या भागात कन्नड शेजाऱ्यांकडून एक गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. बाराव्या शतकात कल्याणला, म्हणजे आज बिदर जिल्ह्यात आहे त्या बसवकल्याणला, मारय्या आणि लक्कम्मा नावाचं शरण जोडपं राहत होतं. मारय्याचं काम म्हणजे आवारात सांडलेले तांदळाचे दाणे वेचणं. त्यावरूनच त्यांना आयदक्की म्हणतात, आयदक्की म्हणजे वेचलेले तांदूळ. तेवढ्याच तांदळात ती दोघं राहायची आणि दासोहही करायची. शरण लोक कष्टाच्या कामाला कायक म्हणतात आणि कायक हीच त्यांची पूजा. एके दिवशी मारय्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले. लक्कम्माने बघितलं आणि नवऱ्याला सरळ सांगितलं की हे आपल्या गरजेपेक्षा जास्त आहेत, जिथून आणले तिथे परत टाकून या. आणि तो गेला.

ही गोष्ट आजवर मी लोभ नसावा म्हणून ऐकत होते. आता तिच्यात मला दुसरंही दिसतं. लक्कम्मा गप्प बसली नाही. नवऱ्याला वाईट वाटेल म्हणून जास्तीचा भात तिने शिजवला नाही. आणि नवरा झोपल्यावर ती स्वतः जाऊन तांदूळ टाकूनही आली नाही. तिने त्याला सांगितलं आणि परत टाकायचं काम त्याच्याच हातात ठेवलं. चूक त्याची, तर सुधारायचा मानही त्याचाच.

आपल्या जनाबाईची कथा तर घराघरात आहे. पांडुरंग तिच्यासोबत दळायला बसायचा असं आपण ऐकत आलो. ज्यांनी जातं ओढलंय त्यांना ठाऊक आहे, दोघी समोरासमोर बसल्या की एकाच खुंट्यावर दोघींचा हात असतो. एकीने जोर केला तर दुसरीने सैल सोडायचा, मग तिने ओढायचं. पीठ पडतं ते एकच. त्यातलं माझं कोणतं आणि तुझं कोणतं, कुणी वेगळं काढून दाखवावं! देव तिचं दळण घेऊन एकटा कोपऱ्यात दळत बसला नाही. तिच्या हाताशेजारी त्याने हात ठेवला. एवढीच मदत त्याने केली आणि तेवढ्यानेच जनाबाईचा जन्म उजळला.

*एक आक्षेप*

हे सगळं मी इथल्या सत्संगात सांगितलं तेव्हा एक भगिनी उसळूनच म्हणाल्या, "वहिनी, तुमचे ते भिंत तरी रंगवतात. आमचे मुद्दाम अशी भांडी घासतात की पुढच्या वेळी कुणी सांगूच नये. खरकटं तसंच. मग मी पुन्हा घासायची नाही तर काय? देवाला नैवेद्य त्यात दाखवायचा?"

सगळ्या हसल्या, पण आक्षेप खरा आहे. कितीतरी घरांत बाईच दुसऱ्यांदा करत आलीय. पोराने गादी घातली, बाई पुन्हा घालते. नवऱ्याने भाजी निवडली, बाई पुन्हा निवडते. तिला कोणी म्हणायचं की दुसऱ्याचं काम पुन्हा करू नकोस, मन राख? हा अन्यायच झाला.

मी बरेच दिवस याचा विचार केला. मला असं वाटतं की नियम दोन्हीकडे तोच लागू पडतो. ज्याने मनापासून केलं, त्याचं काम आपण गुपचूप पुन्हा केलं तर आपण त्याचा मान काढून घेतो. ज्याने टाळण्यासाठी वाईट केलं, त्याचं काम आपण गुपचूप पुन्हा केलं तर आपण त्याची जबाबदारी काढून घेतो. त्याला हवं होतं तेच आपण दिलं! म्हणून ते भांडं पुन्हा घासू नका. ते त्याच्यासमोर ठेवा. "यात खरकटं आहे, बघा," एवढंच म्हणा, न ओरडता. आणि ते त्याच्या हातून स्वच्छ होईपर्यंत नैवेद्य केळीच्या पानावर दाखवा. देवाला चालतं.

हेच आपल्या मठातही होतं. उत्सवाला नवी सून सेवेला येते, पोळ्या लाटायला बसते. पोळी जरा वाकडी झाली की जुनी सेवेकरी तिच्या हातातून लाटणं काढून घेते, "सर, मी करते." पोळ्या गोल होतात. पण ती मुलगी पुढच्या गुरुवारी येत नाही. आणि वीस वर्षांनी आपणच म्हणतो, नवी माणसं सेवेला येत नाहीत. वाकड्या पोळीने प्रसाद बिघडत नाही. कच्ची राहिली तर मात्र सांगायला हवं, आणि तिलाच पुन्हा तव्यावर टाकायला द्यायला हवी.

*फुगलेलं दार*

थांबण्याबद्दल एक सांगायचं राहिलं. आषाढात आमचं मागचं दार चौकटीत अडकायला लागलं. लाकूड हवेतली ओल धरतं आणि रुंदीत फुगतं. मी म्हणाले, सुताराला बोलवून रंधा मारून घेऊ. हे म्हणाले, "आत्ता रंधलंस तर थंडीत फट पडंल. लाकूड आकसतंय परत. थांब की." या वेळी मी ऐकलं. चार महिने खांद्याने दार ढकललं. मार्गशीर्षात ते आपोआप नीट लागायला लागलं. एका कोपऱ्यात जरा घासत होतं, तेवढंच ह्यांनी कानशीने काढलं.

माणसंही अशी हंगामात फुगतात. रिटायर झालेला माणूस, नुकती लग्न होऊन आलेली सून, परीक्षेत नापास झालेलं पोर. त्या वेळी आपण रंधा घेऊन बसलो तर जे काढतो ते परत जोडता येत नाही. हंगाम जाऊ द्यावा, आणि मग जे खरंच घासतंय तेवढंच काढावं.

*ताईंच्या प्रश्नाचं उत्तर*

तर ताई, तुमच्या प्रश्नाला मी माझ्यापुरतं असं उत्तर देते. आपल्या माणसाचं काम मनासारखं दिसलं नाही, की हात लावायच्या आधी मी स्वतःला तीन गोष्टी विचारते.

1. काम पुरं झालंय का? की चुन्यासारखं अजून वाळतंय? त्याला विचारलं का मी?

2. यात कुणाला इजा आहे का, की फक्त माझी पद्धत मोडलीय? इजा असेल तर ताबडतोब बोलायचं, राग आला तरी बोलायचं. पद्धत असेल तर माझी पद्धत देवघरात ठेवायची आणि नमस्कार करून बाहेर यायचं.

3. मी जे करणार आहे ते त्याच्यासमोर करू शकेन का? त्याला झोपू देऊन, तो बाहेर गेल्यावर, दार लावून करावंसं वाटत असेल, तर ते मदत नाही.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात जड जातो. अजूनही जातो. परवाच ह्यांनी डबे लावले, डाळीच्या जागी साखर. माझा हात दोनदा वर गेला. मग हाक मारली, "अहो, साखर खाली ठेवली तर मला हाताला येईल." म्हणाले, "मग तसं सांग की." आणि त्यांनीच बदलले. एवढं सोपं होतं ते, आणि हे शिकायला मला साठी लागली.

इंदूर, बडोदा, ग्वाल्हेर, हैदराबादच्या बंधू-भगिनींनो, तुमच्याकडे कौलं नसतील, चुन्याची भिंत नसेल, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट असेल. तरी महिन्याला एक काम काढून बघा. गळका नळ, हलणारी खुर्ची, माळ्यावरचं सामान, काहीही. खर्च थोडा, पण दोघांनी मिळून. पैसे देऊन माणूस बोलावला तर काम लवकर आणि बहुतेक चांगलंच होईल. ज्या कामाला शिकलेला हात लागतो, विजेचं असेल, उंचावरचं असेल, तिथे माणूसच बोलवा, हट्ट करू नका. पण जे दोघांच्या हाताने होण्यासारखं आहे ते दोघांनी करा. कारण एरवी इतक्या वर्षांच्या संसारात आपण एकमेकांना काम करताना बघतच नाही. कामाचा निकाल तेवढा बघतो आणि त्यावर शेरा मारतो.

या पाडव्याला सोप्याची भिंत आम्ही पुन्हा केली. जुने पापुद्रे दोघांनी मिळून खरवडले. पहिला पातळ हात ह्यांनी दिला. संध्याकाळी भिंत तशीच करडी, डागाळलेली दिसत होती. मी सोप्यातला दिवा मालवला आणि आत जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी दुसरा हात ह्यांनी मला द्यायला लावला. माझा कुंचा वाकडातिकडा जात होता. ते बादली धरून खाली उभे होते, आणि काही बोलले नाहीत.

तिसरा हात वाळल्यावर बघितलं तर दाराच्या वर एक ओंजळभर जागा राहून गेलीय. दोघांपैकी कुणाकडून राहिली ते आठवत नाही. मुलगा परवा आला होता, म्हणाला, "आई, तिथे राहिलंय बघ." ह्यांनी त्याच्या हातात कुंचा दिला. बघू, कधी करतो ते.

महाराजांच्या चरणी एवढंच मागणं, की आपल्या माणसाच्या हातातलं काम त्याच्या हातात राहू देण्याची बुद्धी आम्हाला व्हावी.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥ 🙏

– एक गुरुभगिनी, बेळगाव